कामिल्लो गॉल्जी आणि पेशीतले जाळे

शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीची एक आकृती हमखास असते. तीत केंद्रकाच्या शेजारी चपट्या, किंचित वाकलेल्या पिशव्यांची चळत काढलेली असते आणि तिच्यापुढे गॉल्जी संकुल असे लिहिलेले असते. काही पुस्तके हेच नाव गॉल्गी असे लिहितात. पेशीच्या प्रमुख अंगकांपैकी एखाद्या माणसाच्या नावाने ओळखले जाणारे हे एकच अंगक. विद्यार्थी हे नाव परीक्षेपुरते पाठ करतात आणि पुढे विसरून जातात. परंतु या नावामागे जो माणूस आहे, त्याच्या आयुष्यात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. मेंदूतील ज्या जाळ्याच्या अस्तित्वावर त्याने आयुष्यभर निष्ठा ठेवली, ते जाळे मुळात नव्हतेच. पेशीच्या पोटातील ज्या जाळ्याविषयी तो फारसे बोलला नाही, ते मात्र खरे निघाले आणि त्यानेच त्याचे नाव अमर केले.

कामिल्लो गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीत, ब्रेश्शा परगण्यातील कोर्तेनो या डोंगराळ गावी झाला. त्या वेळी लोम्बार्दी प्रांतावर ऑस्ट्रियाची सत्ता होती आणि एकसंध इटलीचे राष्ट्र अद्याप जन्माला यावयाचे होते. वडील अलेस्सांद्रो हे मूळचे पाव्हियाचे. डॉक्टर या नात्याने ते त्या दुर्गम मुलखात नेमणुकीवर आले होते. मुलानेही वडिलांचाच व्यवसाय पत्करावा, हे ओघानेच आले. पाव्हियाचे विद्यापीठ हे युरोपातील जुन्या विद्यापीठांपैकी एक. १८६५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गॉल्जी तेथून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्याच शहरातील सान माट्टेओ रुग्णालयात काम करू लागले.

या काळात दोन व्यक्तींचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पहिले चेझारे लोंब्रोझो. मनोविकार आणि गुन्हेगारी यांच्या मुळाशी शारीरिक कारणे असतात, असे मानणारे हे मनोविकारतज्ज्ञ त्या वेळी पाव्हियात होते. त्यांच्या सहवासात गॉल्जींचे लक्ष मेंदूकडे वळले. मात्र लोंब्रोझोंच्या ढोबळ अनुमानांपेक्षा त्यांना प्रत्यक्ष पुराव्याची ओढ अधिक होती. तो पुरावा कसा शोधावा, हे त्यांना दुसऱ्या गुरूने शिकवले. जूलिओ बिझ्झोझेरो वयाने गॉल्जींपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान होते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा अभ्यास करण्यात त्यांचा हातखंडा होता. रक्त गोठण्याच्या क्रियेत रक्तबिंबिकांचा वाटा असतो, हे पुढे त्यांनीच दाखवले. वयाचा मान बाजूला ठेवून गॉल्जी या तरुण मित्राचे शिष्य झाले. पुढे १८७७ मध्ये बिझ्झोझेरो यांची भाची लीना अलेत्ती हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गुरुशिष्याच्या नात्याला आप्तपणाचीही जोड मिळाली.

संशोधनाची गोडी लागली तरी पोटापाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. विद्यापीठात स्थिर जागा मिळण्याची चिन्हे दिसेनात. अखेर १८७२ मध्ये गॉल्जींनी मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो या लहान गावी, असाध्य रोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात मुख्य वैद्याची जागा स्वीकारली. विज्ञानाच्या वर्तुळापासून दूर जाण्याचेच ते लक्षण होते. ना प्रयोगशाळा, ना सहकारी, ना ग्रंथ. गॉल्जींनी आपल्या निवासातील छोट्याशा स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. दिवसभर रुग्णांची सेवा आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात सूक्ष्मदर्शक, असा क्रम सुरू झाला. आधुनिक मेंदूविज्ञानाचा पाया ज्या शोधाने घातला, तो शोध या स्वयंपाकघरात लागला.

तो शोध समजून घ्यावयाचा तर त्या काळची अडचण ध्यानात घ्यावी लागेल. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चेतापेशी आणि त्यांचे असंख्य फाटे यांची इतकी दाट गुंतागुंत दिसे की, कोणता फाटा कोणत्या पेशीचा हे सांगणे अशक्य होई. रंगद्रव्ये वापरावीत तर सगळेच रंगून जाई. गॉल्जींनी मेंदूचे तुकडे प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बरेच दिवस मुरवून टणक केले आणि नंतर ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले. या दोहोंच्या संयोगाने सिल्व्हर क्रोमेटचा गडद साका तयार होतो. नवलाची गोष्ट अशी की, तो सर्व पेशींत न बसता अगदी मोजक्या पेशींत बसतो. परंतु ज्या पेशीत बसतो ती पेशी मुळापासून शेंड्यापर्यंत काळी होते. पिवळसर पार्श्वभूमीवर एकेक चेतापेशी आपल्या सर्व फांद्यांसह, शाईने रेखाटल्यासारखी, प्रथमच मानवी दृष्टीस पडली. मोजक्याच पेशी का रंगतात, याचे पुरते उत्तर आजही मिळालेले नाही. परंतु पद्धतीचे सारे सामर्थ्य या निवडकपणातच होते. १८७३ मध्ये गॉल्जींनी तिची माहिती प्रसिद्ध केली. काळी प्रक्रिया या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

या शोधाने आब्बियातेग्रास्सोतला एकांतवास संपला. १८७५ मध्ये गॉल्जी पाव्हियाच्या विद्यापीठात ऊतीविज्ञान शिकवू लागले. १८७९ मध्ये सिएना येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. परंतु थोड्याच काळात ते पाव्हियाला परतले आणि पुढे अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८८१ पासून सामान्य विकृतिशास्त्राचे अध्यासनही त्यांच्याकडे आले. चेतापेशींचे लांब अक्षतंतूंच्या आणि आखूड अक्षतंतूंच्या पेशी असे त्यांनी केलेले वर्गीकरण, तसेच स्नायुबंधांतील ताण जाणणाऱ्या इंद्रियाचे त्यांनी केलेले वर्णन आजही पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने येते. त्यांची प्रयोगशाळा इटलीतील तरुण संशोधकांचे तीर्थक्षेत्र बनली. अलर्क रोगाची खूण म्हणून ओळखले जाणारे पेशींतील पिंड १९०३ मध्ये शोधणारे आदेल्की नेग्री हे याच प्रयोगशाळेतले.

काळ्या प्रक्रियेने जे दाखवले, त्याचा अर्थ लावताना मात्र गॉल्जींनी एक वाट धरली आणि ती त्यांनी पुढे कधीच सोडली नाही. सगळ्या चेतापेशी एकमेकींत मिसळून एक अखंड जाळे बनलेले असते, अशी कल्पना जर्मन शास्त्रज्ञ योझेफ फोन गेरलाख यांनी आधीच मांडली होती. गॉल्जींनी तीत दुरुस्ती केली. पेशींचे आखूड फाटे एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांच्याच कापांनी दाखवले होते. परंतु अक्षतंतूंच्या बारीक शाखा मात्र परस्परांत विणल्या जाऊन सर्वदूर पसरलेले एक जाळे बनते, असे त्यांनी प्रतिपादन केले. मेंदूचे कार्य अखंड आहे, तेव्हा त्याची रचनाही अखंडच असली पाहिजे, ही त्यांची धारणा होती. मेंदूच्या एकेका तुकड्याला एकेक काम वाटून देणाऱ्या तत्कालीन मतांविषयी त्यांना वाटणारा अविश्वासही या धारणेमागे होता. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांची शक्ती पाहता हे मत खोडून काढणे सोपे नव्हते.

गॉल्जींच्या कर्तृत्वाची एक बाजू आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. ती म्हणजे हिवतापाचे संशोधन. पाव्हियाचा परिसर भातशेतीचा आणि दलदलीचा. हिवतापाचे रुग्ण तेथे नित्याचेच. रक्तातील तांबड्या पेशींत या रोगाचा परजीवी राहतो, हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये दाखवले होते. परंतु ताप ठरावीक दिवसांच्या अंतरानेच का येतो, हे कोडे उलगडले नव्हते. आयुर्वेदाने तृतीयक आणि चतुर्थक ज्वर अशी नावे देऊन ज्याची नोंद फार पूर्वी केली होती, तोच हा नियमितपणा. १८८५ पासून गॉल्जींनी रुग्णांचे रक्त ठरावीक वेळांनी तपासले. चौथ्या दिवशी येणाऱ्या तापात परजीवीची वाढ ७२ तासांत आणि एक दिवसाआड येणाऱ्या तापात ती ४८ तासांत पुरी होते, हे दोन परजीवी वेगळे आहेत आणि वाढ पुरी झालेले परजीवी विभागून तांबड्या पेशी एकदम फुटतात त्याच वेळी थंडी वाजून ताप भरतो, असे त्यांनी सिद्ध केले. क्विनाइन कोणत्या वेळी दिल्यास अधिक गुणकारी ठरेल, याचाही विचार त्यांनी या वेळापत्रकावरून केला.

या साखळीतला पुढचा दुवा भारतात सापडला. परजीवी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, या प्रश्नाचा माग काढणारे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, बेगमपेठेच्या परिसरात, डासाच्या जठराच्या भिंतीत तो परजीवी दिसला. मुसी नदीच्या परिसरातील हे काम आणि पो नदीच्या खोऱ्यातील गॉल्जींचे काम ही एकाच रोगचक्राची दोन अर्धी होत. पुढच्याच वर्षी माणसाचा हिवताप ॲनॉफिलिस डासामार्फत पसरतो, हे दाखवणारे जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी हेही पाव्हियाच्या विद्यापीठातच शिकलेले होते.

इकडे काळ्या प्रक्रियेचे भवितव्य भलत्याच दिशेने चालले होते. १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो या डॉक्टरांनी आपल्याकडील काप एका तरुण स्पॅनिश शरीरशास्त्रज्ञाला दाखवले. त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल. काहाल यांनी ही पद्धत सुधारली. चांदीचे संस्कार दोनदा केले आणि प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व पिले निवडली, कारण त्यांच्या अक्षतंतूंवर मायेलिनचे आवरण चढलेले नसते आणि ते अधिक स्पष्ट रंगतात. १८८८ पासून त्यांना जे दिसत गेले ते गॉल्जींच्या मताच्या नेमके उलट होते. शाखा एकमेकींत मिसळत नव्हत्या. त्या जवळ येऊन थांबत होत्या. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र होती. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी या स्वतंत्र घटकाला न्यूरॉन हे नाव दिले आणि काहाल यांचे मत जगभर मान्यता पावू लागले. गॉल्जींनी घडवलेल्या हत्यारानेच गॉल्जींच्या सिद्धान्तावर घाव घातला होता.

या वादाच्या ऐन धामधुमीत गॉल्जी आपल्या प्रक्रियेत बदल करून चेतापेशीच्या अंतर्भागाकडे वळले. गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशी तपासताना त्यांना पेशीच्या आत, केंद्रकाभोवती, बारीक धाग्यांचे एक नाजूक जाळे दिसले. ते केंद्रकाला टेकत नव्हते आणि पेशीच्या बाह्य कडेपर्यंतही पोहोचत नव्हते. एप्रिल १८९८ मध्ये पाव्हियाच्या वैद्यक-शल्य मंडळापुढे त्यांनी या आंतरिक जालिकायंत्रणेचे वर्णन सादर केले. एमिलिओ व्हेरात्ती या त्यांच्या शिष्याने वेगळ्या चेतापेशींतही ती दाखवली आणि मग इतर ऊतींतही ती आढळू लागली. हे जाळे काय काम करते, याविषयी गॉल्जींनी ठाम विधान केले नाही. मेंदूच्या जाळ्याबाबत आग्रही असणारा हाच माणूस येथे मात्र दिसले तेवढेच सांगून थांबला.

१९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून देण्यात आले. वैद्यकाचे पारितोषिक दोघांत वाटले जाण्याची ती पहिलीच वेळ. एकाने पद्धत दिली, दुसऱ्याने तिच्यातून सत्य काढले, असा त्यामागचा न्याय होता. स्टॉकहोममध्ये ११ डिसेंबर रोजी गॉल्जी भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी विषय निवडला तो नेमका न्यूरॉनचा सिद्धान्त. तो आता ओसरणीला लागला आहे असे मानून त्यांनी त्याच्यावर हल्ला चढवला आणि आपल्या जाळ्याची बाजू पुन्हा मांडली. सोबत सन्मान स्वीकारणारे काहाल श्रोत्यांत बसलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या भाषणात स्वतंत्र पेशींचा पुरावा सादर केला. त्र्याहत्तरचा शोधक आणि साठी ओलांडलेला प्राध्यापक हे एकाच देहात राहत होते. पण पहिल्याने उघडलेली दृष्टी दुसऱ्याने जणू मिटून घेतली होती. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधील फट प्रत्यक्ष दाखवली. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. गॉल्जींच्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसणे शक्यच नव्हते.

तथापि एका चुकीच्या आग्रहावरून त्यांचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल. १८९३ ते १८९६ आणि पुन्हा १९०१ ते १९०९ या काळात ते पाव्हिया विद्यापीठाचे प्रमुख होते. १९०० मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. पहिल्या महायुद्धात सत्तरी उलटलेली असतानाही त्यांनी पाव्हियातील बोर्रोमेओ महाविद्यालयाच्या वास्तूतील लष्करी रुग्णालयाची जबाबदारी घेतली आणि मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांची व पुनर्वसनाची सोय केली. १९१८ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ते निवृत्त झाले. त्यांना अपत्य नव्हते. २१ जानेवारी १९२६ रोजी पाव्हिया येथेच त्यांचे निधन झाले. १९५६ मध्ये त्यांच्या जन्मगावाचे नाव कोर्तेनो गॉल्जी असे करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी पेशीतील त्या जाळ्याची प्रतिष्ठा फारशी उरली नव्हती. ते कधी दिसे, कधी दिसत नसे. चांदीने वा ऑस्मियमने रंगवावे तसे त्याचे रूप पालटे. जिवंत पेशीत तर ते सहसा दिसतच नसे. त्यामुळे हे पेशीचे अंग नसून रंगवण्याच्या क्रियेतून उत्पन्न झालेला आभास आहे, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रबळ होता. हा वाद कित्येक दशके चालला. १९५४ मध्ये डाल्टन आणि फेलिक्स या अमेरिकी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी पडद्यांच्या चपट्या पिशव्यांची सुबक चळत दाखवली, तेव्हा कुठे शंका फिटू लागली. स्टॉकहोममध्ये मिरवलेले जाळे ज्या दशकात नाहीसे झाले, त्याच दशकात पाव्हियातल्या मंडळापुढे मांडलेले जाळे खरे ठरले. आणि दोन्ही निवाडे एकाच यंत्राने दिले.

त्यानंतर या संकुलाचे कार्य हळूहळू उलगडत गेले. जॉर्ज पॅलाडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात स्वादुपिंडातील पेशींना किरणोत्सारी खूण लावलेली अमिनो आम्ले देऊन नव्या प्रथिनांचा प्रवास टिपला. प्रथिने प्रथम आंतरद्रव्यजालिकेत तयार होतात, तेथून गॉल्जी संकुलात येतात आणि मग पेशीबाहेर टाकली जातात. या कामाला १९७४ च्या नोबेल पारितोषिकात मान मिळाला. गॉल्जी संकुलाला पेशीचे टपालघर म्हणण्याची प्रथा आहे आणि ती सार्थही आहे. येथे प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात, असलेल्या साखळ्या छाटल्या जातात आणि शेवटी पाठवणी होते. लयकारिकेत जावयाच्या विकरांवर तर मॅनोज फॉस्फेटची खूण पत्त्यासारखी चिकटवली जाते. ही सारी वाहतूक पडद्याच्या सूक्ष्म पुटिकांतून चालते. त्या कशा सुटतात आणि योग्य ठिकाणी कशा विलीन होतात, हे उलगडणारे रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु एवढ्या ये-जा करणाऱ्या पुटिकांना आपले ठिकाण सापडते कसे, आणि सतत माल येत-जात असताना ही चळत ढासळत कशी नाही? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एकाच प्रथिनकुळाचे नाव येते. त्यांना गॉल्जिन म्हणतात. यांतली काही प्रथिने प्रथम सापडली तीही आडवाटेने. स्वतःच्याच ऊतींवर उलटणाऱ्या काही रोगांत रुग्णाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की, ती पेशीतील गॉल्जी संकुलाला चिकटतात. ती नेमकी कशाला चिकटतात, याचा शोध घेताना ही प्रथिने हाती लागली. गॉल्जिन हा पिळाच्या दोरासारखा लांब रेणू असतो. त्याचे एक टोक पिशवीच्या पडद्याला घट्ट रोवलेले असते आणि बाकीचा भाग बाहेर लवलवत असतो. जवळून जाणारी योग्य पुटिका तो पकडतो, जवळ ओढतो आणि विलीन होण्यासाठी पडद्याशी आणून सोडतो. वेगवेगळ्या पिशव्यांवर वेगवेगळे गॉल्जिन असतात. २०१४ मध्ये केंब्रिज येथील वाँग आणि मन्रो यांनी काही गॉल्जिन मुद्दाम तंतुकणिकांवर नेऊन बसवले, तेव्हा त्या त्या जातीच्या पुटिका आपले नेहमीचे ठिकाण सोडून तेथे गोळा झाल्या. दोर ज्या खुंट्याला बांधावा तिकडे गुरे वळावीत, तसाच हा प्रकार. पत्ता ओळखण्याचे काम हे दोर करतात, याचा तो रोख पुरावा होता.

हेच दोर रचनेलाही आधार देतात. पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशीत पिशव्यांच्या अनेक चळती असतात आणि त्या बारीक नलिकांनी शेजारी शेजारी जोडल्या जाऊन केंद्रकालगत एक सलग पट्टा तयार होतो. या जोडणीत काही गॉल्जिन आणि ग्रास्प नावाची दोन प्रथिने यांचा वाटा आहे. ग्रास्प प्रथिने एका चळतीतील पिशव्या एकमेकींना चिकटवून धरतात, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांवरून वाटले होते. पुढील प्रयोगांनी मात्र चळतींची माळ ओवून धरणे हे त्यांचे अधिक महत्त्वाचे काम असावे, असे सुचवले. पेशी विभागण्याच्या वेळी ही बंधने रासायनिक खुणांनी सैल केली जातात, सलग पट्टा विस्कटून त्याचे तुकडे होतात, ते दोन्ही कन्यापेशींत वाटले जातात आणि तेथे तो पट्टा पुन्हा उभा राहतो. ब्रेफेल्डिन नावाचे एक बुरशीजन्य द्रव्य वाहतुकीची व्यवस्था बिघडवते. ते दिल्यावर काही मिनिटांत बहुतेक संकुल आंतरद्रव्यजालिकेत विरून जाते आणि द्रव्य काढून घेतले की परत घडते. वाहतूक थांबली की रचना मोडते आणि रचना मोडली की वाहतूक भरकटते. हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ नाही. एका गॉल्जिनच्या जनुकात बिघाड झाल्यास कूर्चेच्या पेशींतील प्रथिनांची वाट अडते आणि बालकाचा अस्थिपंजर नीट घडतच नाही, असा एक प्राणघातक जन्मजात विकार २०१० मध्ये उलगडला.

आता १८९८ च्या त्या घुबडाच्या पेशीकडे पुन्हा पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. पाठ्यपुस्तकातली सुटी चळत हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील पातळ कापाचा प्रताप आहे. पेशी समग्र पाहिली तर नलिकांनी जोडलेला सलग पट्टा दिसतो, म्हणजे केंद्रकाभोवतीचे जाळेच. गॉल्जींनी जे काढून दाखवले ते हेच. पेशीपेशींच्या मध्ये अखंड जाळे पाहणारी त्यांची दृष्टी चुकली. पेशीच्या आत अखंड जाळे पाहणारी तीच दृष्टी चुकली नाही. फरक डोळ्यांत नव्हता. पहिल्या वेळी निष्कर्ष आधी ठरला होता आणि रेघांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले. दुसऱ्या वेळी रेघा आधी आल्या आणि निष्कर्षाला थांबून राहावे लागले.

ते थांबणे अर्ध्या शतकाहून अधिक लांबले. गॉल्जी त्यापूर्वीच गेले. आब्बियातेग्रास्सोच्या स्वयंपाकघरात मेणबत्तीपुढे बसलेल्या त्या तरुण वैद्याला मेंदूचे रहस्य हवे होते आणि ते आपल्याला गवसले आहे, अशा समजुतीतच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या हाती खरोखर जे लागले होते, त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी केली. चांदीच्या काळ्या रेघांची त्यांची पद्धत आजही मेंदूच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडते, आणि पेशीतील प्रथिने ज्या वाटेने जातात त्या वाटेवर त्यांचे नाव लिहिलेले आहे.